अंगावर पाजण्याचा भरवसा किती महिन्यांचा?

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, वर्धा



मागणी छोटी आहे आणि तिला वेगळा निधी लागत नाही, म्हणून आधी तीच लिहून टाकते. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्याच्या आसपास प्रत्येक बाईला कोणीतरी तीन गोष्टी विचाराव्यात. पाळी परत आली का? बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय आणखी काय काय देता? आणि बाळाला सहा महिने कधी पूर्ण होतात? या उत्तरांवरून तिला सरळ सांगावं की, अंगावर पाजतेय म्हणून दिवस जाणार नाहीत असा जो भरवसा तिने धरला आहे, तो अजून शिल्लक आहे की संपला.

हा भरवसा बोरगाव मेघेत घरोघरी आहे. पिपरीत आहे, सावंगीत आहे, सेलू-देवळीकडच्या खेड्यांत तर आहेच. “अंगावर पाजून रायली ना ते, मंग कायची भीती?” असं सासू सुनेबद्दल म्हणते आणि थोरली जाऊ धाकटीला तेच सांगते. कॉलेजात गेलेल्या पोरी हे ऐकून हसतात. दवाखान्यात कोणी बोललीच, तर जुन्या बायकांच्या समजुती म्हणून विषय संपतो.

माझा वाद इथेच आहे. जुन्या बायकांचं म्हणणं खोटं नाही. ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं आहे म्हणूनच धोक्याचं आहे. साफ खोटं असतं तर दोन पिढ्यांत मोडीत निघालं असतं. वर्षभर पाजलं, पाळी आली नाही, दिवसही गेले नाहीत अशी एखादी बाई प्रत्येक गल्लीत सापडते. त्याच गल्लीत दोन लेकरांत जेमतेम वर्षा-सव्वा वर्षाचं अंतर असलेलीही सापडते. पहिली आपला अनुभव चारचौघींत सांगते. दुसरी बोलत नाही, कारण लोक हसतील अशी तिला लाज. मग गावाला एकच अनुभव ऐकू येतो आणि तोच नियम होऊन बसतो.

आपण डॉक्टर आहात, आपल्याला हे मी सांगायला नको. पण पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्यांत बाळंतिणीही असतील, म्हणून शरीरात काय होतं ते थोडक्यात लिहिते. बाळ ओढून पितं तेव्हा स्तनाग्रातून मेंदूपर्यंत संदेश जातो. त्याने एकीकडे दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन वाढतं, आणि दुसरीकडे अंडाशयाला दर महिन्याला जागं करणाऱ्या संप्रेरकांची लय बिघडते. लय बिघडली की अंडं पिकत नाही. अंडं नाही म्हणून पाळी नाही आणि गर्भही नाही. यात मुख्य गोष्ट आहे ती बाळाच्या ओढण्याची. ते किती वेळा पितं, रात्री उठून पितं का, दोन पाजण्यांत किती तास जातात, यावर सगळं टिकून असतं. दूध भरपूर येतं म्हणून बाई सुरक्षित आहे असं नव्हे. वाटीत काढून ठेवलेल्या दुधाने बाळाचं पोट भरतं, पण अंडाशयाला आवरण्याचं काम थेट पाजण्याइतकं त्याने होत नाही.

आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात राहणाऱ्या कुंग लोकांचा मानववंशशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा तिथल्या बायका दिवसा तासातून कैक वेळा, थोडं थोडं पाजताना दिसल्या. बाळ सतत अंगाशी असतं आणि मनात आलं की पितं. कोणतंही साधन न वापरता त्यांच्या दोन मुलांत साधारण साडेतीन वर्षांहून अधिक अंतर राही. आपल्याकडच्या पणजीचं आयुष्यही काही बाबतींत याच्या जवळचं होतं. तिच्या अनुभवातून निघालेलं शहाणपण आपण नातसुनेला जसंच्या तसं देतो. नातसुनेच्या घरात मात्र बाटली आहे, ग्राइप वॉटर आहे आणि सकाळी नऊला गाठायची नोकरी आहे.

या शहाणपणाची हद्द कुठे संपते, हे १९८८ मध्ये ठरलं. इटलीतल्या बेलाजिओ गावी तज्ज्ञ जमले, निरनिराळ्या देशांतल्या नोंदी त्यांनी पुढ्यात घेतल्या आणि सांगितलं की तीन अटी एकाच वेळी पूर्ण होत असतील तर दिवस न जाण्याची खात्री ९८ टक्क्यांहून अधिक आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, ते पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरच्या दुधावर हवं, आणि आईची पाळी परत आलेली नको. तिन्हींतली एक जरी ढळली, तरी त्याच दिवसापासून दुसरं साधन हवं. ९८ टक्के म्हणजे काही थोडं नाही. रोज आठवणीने घ्यायच्या गोळ्या किंवा निरोध नेहमीच्या वापरात इतकी खात्री देत नाहीत. म्हणजे ‘अंगावर पाजतेय तोवर’ हे वाक्य टाकून द्यायचं नाही, त्याला मुदत आणि अटी जोडायच्या आहेत.

अटी कागदावर सोप्या दिसतात. आमच्याकडे त्या कशा मोडतात ते सांगते.

पहिली मोडते ती दुधाची. “फक्त अंगावरचंच पाजता ना?” असं विचारलं तर प्रत्येक घरातून “हो” येतं, आणि कोणी खोटं बोलत नसतं. पण गुटी ही कोणी आहारात धरतच नाही. सहाणेवर मुरुडशेंग, हळकुंड, बदाम, खारीक उगाळून रोज सकाळी बाळाच्या जिभेला लावतात, ते औषध म्हणून. बोटाने चाटवलेल्या गुटीने पाळी लगेच येईल असं मी म्हणत नाही. बेलाजिओच्या मोजमापातही अशा चिमूटभर गोष्टींना जागा आहे. पण गुटीमागोमाग वाटीभर पाणी येतं, मग रडतं म्हणून गाईचं पातळ केलेलं दूध, मग शेजारणीने सुचवलेला पावडरचा डबा. आणि हे मे महिन्यात झालं तर बघायलाच नको. पारा ४५ च्या वर, कुलर गरम हवा फेकतोय, अशा वेळी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी द्यायचं नाही, असं आजीला पटवून दाखवावं कोणी. अंगावरच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं आणि उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजलं की पुरतं, हे तिला कोणीतरी शांतपणे सांगावं लागतं. प्रत्येक वाटी पाण्यामागे एक पाजणं कमी होतं. बाळाला जुलाब लागण्याची भीती तर आहेच. आईचं कवचही तिथून झिजू लागतं. आपल्या दोन विभागांनी या दोन गोष्टी कधी एकत्र सांगितल्याचं मला आठवत नाही. स्तनपान सप्ताहात बाळाचं वजन बोलतं, कुटुंबनियोजनाच्या पंधरवड्यात साधनांची पाकिटं बोलतात. बाई मात्र एकच असते.

दुधाच्या अटीतच तासांचा हिशोबही येतो, आणि तोही मोडतो. दिवसा चार आणि रात्री सहा तासांहून मोठा खंड पडू नये असं सांगतात. आमचा भाग ना धड गाव ना धड शहर. जनगणनेने शहर म्हटलं, कारभार ग्रामपंचायतीचा. इथली एखादी बाई वर्ध्यातल्या दुकानात उभी असते, एखादी दवाखान्यात सफाईला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या तर कितीतरी. आजूबाजूच्या गावांतून दिवाळीनंतर कापूस वेचायला बायका निघतात. वेचणी किलोवर मिळते, त्यामुळे मध्येच घरी येऊन पाजायचं तर तेवढी मजुरी बुडाली. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने, जणू त्या तीन अटी समोर ठेवूनच रजा मोजली. पण ही रजा नोकरदार बाईची. वेचणाऱ्या बाईला ना हजेरीपट ना रजा. तिला दीड-दोन महिन्यांत कामावर जायचं आहे आणि बाळ सात-आठ तास आजीजवळ राहणार आहे. अशा बाईला ‘अंगावर पाजत रहा, काळजी नको’ असं सांगणं ही फसवणूक ठरते. तिच्यासाठी या भरवशाची मुदत कामाच्या पहिल्या दिवशीच संपते, आणि तेवढं तरी तिला ठाऊक असायला हवं.

तिसरी अट पाळीची, आणि सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. पाळी आली की सावध होऊ, असा बहुतेकींचा हिशोब. पण अंडं आधी सुटतं, पाळी त्यानंतर दोनेक आठवड्यांनी येते. पहिल्या सहा महिन्यांत पूर्ण पाजणाऱ्या बाईच्या बाबतीत ही आधीची चाहूल क्वचितच गर्भापर्यंत पोचते, म्हणून तर त्या काळात पाळीवर विसंबता येतं. पुढे बाळ जसं मोठं होतं, तसं पाळी येण्याआधीच अंडं सुटण्याची शक्यता वाढत जाते. मग न आलेल्या पाळीतच दिवस जातात. या बाईला ते कळावं कसं? पाळी चुकली हे कळायला आधी ती यावी लागते. तिची मळमळ अपचनात जाते, थकवा जागरणात जातो, पोट सुटलंय ते बाळंतपणाचंच वाटतं. तपासणी होईपर्यंत चौथा-पाचवा महिना लागतो. गर्भपाताच्या कायद्याने दिलेले आठवडे तोवर हातातून निसटत आलेले असतात. मग घरात वर्षभराचं बाळ, अंगात रक्त कमी आणि पोटात दुसरं. त्यात पोटुशी बाईचं दूध बाळाला बाधतं म्हणून अंगावरचं एका दिवसात तोडतात. निरोगी गरोदरपणात पाजत राहायला सहसा हरकत नसते, हेही तिच्यापर्यंत पोचलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटना एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस जाईपर्यंत किमान २४ महिने जाऊ द्या म्हणते, ते याच दोन जिवांसाठी.

आता साहेब, वेळापत्रकाकडे बघा. (बाईसाहेब असाल तर क्षमस्व, खुर्चीला लिहिते आहे.) बाळाला टोचायला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात नेतात. त्यानंतरची सुई थेट नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाची. म्हणजे साडेतीन महिन्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत आईला लसीकरणासाठी म्हणून आरोग्यसेविकेसमोर यायचं कारण नाही, आणि सहा महिन्यांची मुदत नेमकी या मोकळ्या पट्ट्यात संपते. आशाताईंच्या घरभेटी पहिल्या ४२ दिवसांत असतात. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात बाळासाठीच्या भेटी ठरवून दिलेल्या आहेत. सहाव्या महिन्याची भेट चांगलीच आहे, पण तेव्हा विचारून बऱ्याच जणींना उशीर झालेला असेल. म्हणून माझा आग्रह चौदाव्या आठवड्याच्या लसीकरणाचा आणि तिसऱ्या महिन्याच्या भेटीचा आहे. त्या दिवशी आई समोर असते, बाळ मांडीवर असतं, आणि सुई टोचल्यावर अर्धा तास थांबायचंच असतं. त्या अर्ध्या तासात तीन प्रश्न सहज होतात.

आणखी एक खाच आहे, ती आपल्या चालीरीतीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. नाव इथल्या आशाताईकडे, कळा यवतमाळ नाही तर चंद्रपूर जिल्ह्यात, सव्वा महिना तिकडे, कुणी तीन महिने राहते. पूर्वी या माहेरपणानेच पाळणा थोडा लांबत असे. नवरा एका गावाला, बाळंतीण दुसऱ्या. आता नवरा मोटरसायकलवर दर शनिवारी येतो, त्यालाही माझी ना नाही. पण सासरी परतते ती नेमकी सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या मधे कुठेतरी. माहेरच्या आशाताईच्या लेखी ती गेली, सासरच्या आशाताईच्या लेखी अजून यायची आहे. तीन प्रश्न विचारायचा दिवस या दोघींच्या मधे हरवू नये, एवढं पाहावं.

लक्षात राहायला आमच्याकडे तयार खूण आहे: उष्टावण. मामाच्या मांडीवर बसवून बाळाच्या तोंडी पहिला खिरीचा घास घालतात, तो दिवस कुठलीच आई विसरत नाही. घास सुरू झाला की दुधाचा भरवसा संपला, असं सांगितलं तर सासूलाही पटतं आणि सुनेलाही. मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात करायची चाल काही घरांत आहे. त्या घरी भरवसाही पाचव्यातच संपला असं धरावं.

विचारून झालं की पुढे काय, तर त्याची सोय सरकारकडे आहेच, फक्त योग्य बाईला योग्य वस्तू मिळायला हवी. तांबी बाळंत झाल्यापासून ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनंतर. तिने दुधावर काही परिणाम होत नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ‘छाया’ गोळी संप्रेरकांची नाही आणि पाजणाऱ्या बाईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. ‘अंतरा’चं इंजेक्शन पाजणाऱ्या बाईला सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी. एका गोष्टीवर मात्र बोट ठेवते. ‘माला-एन’सारख्या मिश्र संप्रेरकांच्या गोळ्या पाजणाऱ्या बाईने पहिले सहा महिने घ्यायच्या नसतात, त्याने दूध कमी होऊ शकतं. गोळी म्हणजे गोळी असं समजून नवरा मेडिकलमधून कुठलंही पाकीट आणून देतो. आणि निरोध, ज्याचा दुधावर काहीच परिणाम होत नाही, तो कपाटात पडून असतो.

नवऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीतला एक आकडा. देशात ३७.९ टक्के विवाहित बायकांनी नसबंदी करून घेतली आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण याहूनही जास्त. पाळणा थांबवायला आपण चांगलेच शिकलो. त्या फेरीत राज्याचा प्रजनन दर १.७ वर आला होता. पहिल्या आणि दुसऱ्या लेकराच्या मधलं अंतर मात्र अजूनही अंदाजावर आणि सासूच्या अनुभवावर चालतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर ऑपरेशन ठरलेलंच, त्यामुळे मधल्या दोन वर्षांकडे कोणी फारसं बघत नाही.

या विषयाला वर्ध्यात मोठा इतिहास आहे. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्यालाच आल्या होत्या. त्या साधनांचा आग्रह धरत होत्या, गांधीजी संयमाचा. दोघांचं जमलं नाही. मुंबईत र. धों. कर्वे तोवर चौदा वर्षं संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. पुढे सेवाग्रामच्या सुशीला नायर केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या, आणि त्यांच्याच काळात, १९६५ मध्ये, गर्भाशयात बसवायचा लूप देशभर आला. त्याचं काय झालं हे आपल्याला माहीत आहे. उद्दिष्टं भराभर ठरली. बसवल्यावर रक्तस्राव होऊ शकतो, मग काय करायचं, हे बाईला समजावणारं माणूस मात्र गावोगावी नव्हतं. अफवा पसरल्या आणि लूपचं नाव खराब झालं. तांबी म्हटलं की ज्या म्हाताऱ्या आजही तोंड वाकडं करतात, त्यांच्या मनात ते जुनंच आहे. मला वाटतं, साधन आधी आणि सांगणं मागाहून, हा क्रम तिथे चुकला.

पाजण्याच्या पद्धतीत तर देण्यासारखं काहीच नाही, फक्त सांगणं आहे. ना पाकीट, ना सुई, ना साठ्याच्या वहीत नोंद. कदाचित म्हणूनच ती कोणाच्या कामात मोडत नाही. आशाताईंना मी दोष देत नाही. त्यांच्या पाठीवर किती नोंदवह्या आहेत ते आम्ही बघतो. आणखी एक वही नको. माता-बाल संरक्षण कार्डावर, जिथे चौदाव्या आठवड्याच्या लसीची तारीख लिहिता, तिथेच शेजारी पेनाने सहा महिने पूर्ण होण्याची तारीख लिहिली तरी पुरे. आईला म्हणावं, ही तारीख येण्याआधी, पाळी दिसण्याआधी, किंवा वरचं दूध चालू होण्याआधी, जे आधी होईल त्याच्या अगोदर येऊन भेट. सासू सोबत असेल तर तिलाही तिथेच बसवून सांगावं. तिला वगळून सांगितलेलं घरी टिकत नाही.

उत्तर पत्रानेच द्यावं असं नाही. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी आमच्या अंगणवाडीत हे प्रश्न विचारले गेले, तर संध्याकाळपर्यंत गल्लीतून माझ्या कानावर येईलच.

आपली,
बोरगाव मेघेची एक रहिवासी
(आणि एका ताज्या बाळंतिणीची सासू)